आधी अर्थिंग

मराठवाड्यात गाडी बिघडली की पहिलं निदान शेजारी करतो, दुसरं नवऱ्याचा मावसभाऊ फोनवरून करतो आणि मिस्त्रीचा नंबर लागेपर्यंत निम्मा खर्च होऊन गेलेला असतो. आमच्या गाडीबाबत शेजारच्या काकांचं मत बॅटरीवर होतं. मावसभावाचं अल्टरनेटरवर. सासूबाईंनी बोनेटला लिंबू-मिरची बांधली. खर्चाच्या मानानं तोच उपाय सगळ्यांत किफायतशीर होता, आणि गुण म्हणाल तर इतरांइतकाच आला.

गाडीचे चाळे तसे मजेशीर होते. डावीकडचा इंडिकेटर टाकला की वायपर अर्धा हात मारून थांबायचा. उजवीकडचा टाकला तर काही नाही. मी अंबडच्या कॉलेजात वाणिज्य शिकवते. दिवाळीनंतरच्या कोरड्या उन्हात, आभाळात ढगाचं नाव नसताना, माझ्या काचेवर वायपर करकरत फिरतोय हे पाहून समोरून येणारे पिकअपवाले हात करायचे. रात्री अंगणात उभ्या गाडीचं सेंट्रल लॉक आपोआप खट्कन वाजायचं. शेजारचा कुत्रा त्यावर भुंकायचा आणि सकाळी चावी फिरवली की स्टार्टर नुसता टकटक करायचा. बॅटरी नवी टाकली. नवी बॅटरीही तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुन्या बॅटरीसारखंच वागू लागली.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, दोन मिनिटांत पडदा माझ्याकडे फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, बीसीएम रिस्पॉन्स देत नाही. बदलावा लागेल." एस्टिमेटवर एक ओळ होती : बॉडी कंट्रोल मॉड्यूल, नग एक. त्यापुढचा आकडा वाचून मी विद्यार्थ्यांना घसारा शिकवताना जे उदाहरण देते ते मला आठवलं आणि मी गाडी तशीच घरी आणली.

हा बीसीएम प्रकार काय आहे ते समजून घ्यायला मला जुन्या गाडीपर्यंत मागं जावं लागलं. माझ्या मामांकडे प्रीमियर पद्मिनी होती. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये जी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिचा वायपर चालत नसेल तर शोधायच्या जागा मोजक्याच : फ्यूज, बटण, तार आणि मोटर. बॅटरीतून निघालेला करंट बटणातून मोटरपर्यंत आणि मोटरीतून पत्र्यात, इतका सरळ रस्ता. मामा टेस्ट लॅम्पची पिन तारेत खुपसत खुपसत जायचे आणि जिथं दिवा लागायचा थांबेल तिथं आजार सापडायचा. आताच्या गाडीत वायपरचा दांडा ओढला तर वायपरला त्याचा पत्ताही नसतो. दांड्याकडून फक्त अर्ज जातो, डॅशबोर्डखाली बसलेल्या एका डब्याकडे. डबा बघतो, चावी चालू आहे का, काचेवर पाणी सोडलंय का, आणि मग आपल्या पोटातल्या रिलेला हुकूम देतो. इंडिकेटरची टिकटिक, हेडलाइट, दारांची कुलपं, हॉर्न, आतला दिवा, कित्येक गाड्यांत चावीची ओळख पटवणंसुद्धा, सगळं त्याच्याच सहीनं. गाडीचा तलाठी म्हणा. वायपर आणि इंडिकेटर यांची एकमेकांशी सोयरीक नसते, पण दोघांचे उतारे एकाच कपाटात, आणि कपाटात पाणी शिरलं की एकाच्या सात-बाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढतं.

एवढं सगळं एका डब्यात कोंबायचं कारण तांबं. गाडीत सोयी वाढत गेल्या तशा तारा वाढत गेल्या. प्रत्येक बटणातून प्रत्येक मोटरीपर्यंत स्वतंत्र तार ओढायची तर दारात तारांचा जुडगा मावेना. बॉश कंपनीनं 1983 पासून त्यावर काम केलं आणि 1986 मध्ये डेट्रॉइटला वाहन अभियंत्यांच्या परिषदेत कॅन नावाची रीत मांडली. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा, त्यांच्यावर सगळे डबे टांगलेले, जो तो आपलं म्हणणं त्याच जोडीवर टाकतो, आणि दोघं एकदम बोलले तर महत्त्वाचा निरोप आधी जातो. पहिल्यांदा ती महागड्या जर्मन गाड्यांत आली. आता ती आमच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी आहे. इकडे जालना रोडवरच शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाच्या गाड्या बनतात, वाळूजला तर त्याच्याही आधीपासून बजाजचा कारखाना आहे. तासाभराच्या अंतरावर गाड्या तयार होतात, आणि बिघडलेल्या गाडीचं निदान मात्र आमच्या जालन्यात मंठा चौफुलीच्या पुढच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये व्हायचं होतं.

शेडमधल्या माणसाला सगळे उस्ताद म्हणतात. ऑटो इलेक्ट्रिशियन. सुरुवात ट्रॅक्टरच्या डायनॅमोपासून केलेली, मग जीपा, मग मोसंबीचे ट्रक, आणि 2020 च्या एप्रिलपासून बीएस-सिक्स गाड्या आल्या तेव्हापासून लॅपटॉप. मी त्यांना एस्टिमेट दाखवलं. त्यांनी ते वाचलंच नाही. "मॅडम, डब्बा नंतर. पहले अर्थिंग देखेंगे."

पुढं त्यांनी जे केलं ते मी स्टुलावर बसून पाहिलं, आणि सांगायला हरकत नाही, कितीतरी वर्षांत कुणाचं काम इतकं टक लावून पाहिलं नव्हतं.

आधी बॅटरीची तार काढली. सोळा पिनांच्या त्याच सॉकेटमध्ये, ज्यात सर्व्हिस सेंटरनं स्कॅनर लावला होता, मल्टीमीटरच्या दोन सुया सहा आणि चौदा नंबरला टेकवल्या. मीटर साठ दाखवत होतं. "लाइन ठीक आहे." त्या पीळ घातलेल्या जोडीच्या दोन्ही टोकांना एकशे वीस ओमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही शाबूत असतील तर मिळून साठ येतात. एकशे वीस आलं तर कुठंतरी तार तुटलेली, शून्याच्या जवळ आलं तर दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या. म्हणजे डबा बोलत नव्हता तो रस्ता बंद म्हणून नाही. "स्कॅनर फक्त हजेरी घेतो," उस्ताद म्हणाले. "कोण आलं नाही ते सांगतो. का आलं नाही ते घरी जाऊन बघावं लागतं."

मग बॅटरी जोडली, हेडलाइट लावले आणि मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी डब्याच्या अर्थच्या तारेवर. या दोहोंत तसं पाहिलं तर काहीच फरक दिसायला नको, दोन्ही एकच. मीटरनं सव्वा व्होल्ट दाखवले. ते मला कळायला वेळ लागला. गाडीत प्रत्येक दिव्याला जाणारी तार असते, पण परत येणारा रस्ता बहुतेक वेळा गाडीचा पत्राच असतो. जिथं तारांचा झुबका पत्र्याला बोल्टनं आवळलेला असतो तिथं गंज चढला की परतीचा करंट अडतो. अडलेला करंट गप्प बसत नाही. शेजारच्या दिव्यातून, मोटरीतून, जिथून वाट मिळेल तिथून उलटा घुसतो. माझा डावा इंडिकेटर वायपरला ढोसत होता तो असा. क्लीनर साइडच्या पायाजवळचं प्लॅस्टिक काढलं तर बोल्ट तपकिरी झालेला आणि खालचं कार्पेट दाबल्यावर पाणी सोडत होतं.

बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरनं चांदीसारखा होईतो घासला, नवा लग, वरून पेट्रोलियम जेली. हेडलाइट लावून पुन्हा मीटर धरलं तर सव्वाचं शून्य पूर्णांक काहीतरी. इंडिकेटर टाकला. वायपर हलला नाही. मला वाटलं, झालं. डब्याचे पैसे वाचले म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं काय काय करायचं तेही ठरवून टाकलं होतं.

"रात्रीचा आवाज राहिलाय ना अजून," उस्ताद म्हणाले.

रात्रीचं दुखणं दिवसा पकडायची रीत अशी : बॅटरीचा मायनस आणि त्याची तार यांच्या मधोमध मीटर जोडायचं, दार उघडंच ठेवायचं पण त्याच्या कुलपात स्क्रूड्रायव्हर घालून ते बंद असल्याचं गाडीला भासवायचं, चावी लांब नेऊन ठेवायची, आणि वाट बघायची. गाडी बंद केली की ती लगेच झोपत नाही. डबे एकेक करून जांभया देतात. काही गाड्यांना त्याला पाऊण तास लागतो. आम्ही चहा मागवला. सगळे झोपले की मीटरवर पन्नास मिलिअँपिअरच्या आतबाहेरचा आकडा दिसायला हवा, घड्याळ आणि चावीची दखल घेण्यापुरता. आमचं मीटर अर्ध्या अँपिअरवर येऊन अडलं ते हलेना. अधूनमधून ते उसळी मारायचं आणि कुलूप खट्कन वाजायचं. हिशेब माझ्या धंद्यातला आहे. माझी बॅटरी पस्तीस अँपिअर-अवरची, गाडी संध्याकाळी सहा ते सकाळी सहा उभी, म्हणजे रात्रीला सहा गेले. अंबड जाऊन-येऊन भर पडते तेवढी पडते, पण सुट्टीचा दिवस मधे आला की ताळेबंद जुळायचं कारण नाही. नव्या बॅटरीनं तरी काय करावं?

फ्यूज एकेक उपसत गेले. एक फ्यूज काढला आणि आकडा खाली बसला. तो डब्याचा होता.

डबा बाहेर काढला, चार क्लिपा दाबून उघडला. आत हिरवी पट्टी, तिच्यावर काळे रिले ओळीनं, आणि एका कोपऱ्यात, जिथं मोठा कपलर बसतो तिथं, पट्टीच्या हिरव्यापेक्षा निराळं, मोरचुदासारखं हिरवं. उस्तादांनी भिंग दिलं. दोन पिनांच्या मधे, केसाहून बारीक, फांद्या फुटलेली तांब्याची नक्षी वाढली होती. पाण्याचा ओलावा आणि दोन पिनांमधला व्होल्टेज असला की एका पिनेचं तांबं विरघळून दुसऱ्या पिनेकडे सरकत जातं आणि कधीतरी दोघींना जोडून टाकतं. त्या नक्षीतूनच माझं अर्धं अँपिअर रात्रभर गळत होतं आणि मधूनच कुलपाच्या रिलेला खोटा हुकूम जात होता. म्हणजे सर्व्हिस सेंटरचा मुलगा बरोबर होता. डबा खरंच गेला होता. फक्त त्यानं डबा बदलला असता आणि बोल्ट तसाच राहिला असता, कार्पेटही ओलं राहिलं असतं, आणि पुढच्या पावसाळ्यात आणखी एक नग. त्याला मी दोष देणार नाही. त्याच्या जॉब कार्डवर प्रत्येक कामाला मिनिटं ठरवून दिलेली असतात आणि स्टुलावर बसून गाडी झोपायची वाट बघायला त्यात रकाना नसतो.

पाणी आलं कुठून? उस्तादांनी वायपरच्या खालची काळी जाळी उचकटली. तिच्या खालच्या पन्हाळीत कडुनिंबाच्या पानांचा लगदा. जालन्यात उन्हाळ्यात गाडी सावलीत लावावी लागते, आणि सावली म्हणजे निंब. माघ-फाल्गुनात तो सगळी पानं टाकतो, ती जाळीतून आत जातात, पन्हाळीची भोकं बुजवतात. एरवी आमच्याकडच्या पावसात ते खपूनही जातं. पण 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, सोयाबीन-कपाशी जिथल्या तिथं सडवून गेला, त्यात ती पन्हाळ तुंबली आणि एसीच्या हवेच्या तोंडातून पाणी आत उतरलं. लोकांची शेतं गेली होती. गाडीच्या कार्पेटला कुबट वास येतोय ही तक्रार त्या दिवसांत कुणापुढं करायची सोयही नव्हती.

डबा उस्तादांनी ब्रशनं, स्पिरिटनं धुऊन पाहिला. थोडे दिवस चालला. पण एकदा पट्टीच्या थरांत ओल गेली की भरवसा नाही, हे त्यांनीच सांगितलं. मग भंगारातला, त्याच मॉडेलचा एक डबा मिळाला. दिसायला जुळा भाऊ, सगळे कपलर बसले, आणि गाडी सुरू व्हायलाच तयार नाही. त्या डब्यात दुसऱ्याच गाडीचा सतरा अक्षरांचा चॅसी नंबर कोरलेला, दुसऱ्याच चावीची ओळख. नवा कोरा डबा आणला तरी त्याला आधी सांगावं लागतं की तू अमुक नंबरच्या गाडीचा, तुला मागचा वायपर आहे, फॉग लॅम्प नाहीत, या दोन चाव्या तुझ्या. याला कोडिंग म्हणतात, आणि ते कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेल्या कॉम्प्युटरशिवाय धड होत नाही. अखेर नवा डबा मी त्याच सर्व्हिस सेंटरमधून घेतला आणि कोडिंगही तिथंच करून घेतलं. बसवायला जितका वेळ लागला त्याहून ऑनलाइन परवानगी यायला जास्त लागला.

यात चोराचा मुद्दा आहे, तो मी नाकारत नाही. कुणीही कुणाचाही डबा लावू शकला तर चोर पिशवीत डबा घेऊनच हिंडतील. पण चोरासाठी लावलेलं कुलूप उस्तादांनाही लागतं, आणि किल्ली एकाच दुकानात मिळते, तेव्हा त्या दुकानाच्या दराशी घासाघीस कोण करणार? हा प्रश्न माझ्या एकटीच्या डोक्यातला नाही. स्पर्धा आयोगानं 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो नेमका याच कारणासाठी : सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या मिस्त्रींना मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढं अपिलांत गेलं, आपल्याकडे जातं तसं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोकांनी 2012 मध्ये मतदान करून गाडी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करून घेतला. आपल्या ग्राहक मंत्रालयानं 2022 मध्ये समिती नेमली आणि त्या डिसेंबरात राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं. मी उस्तादांना ते मोबाइलवर दाखवलं. त्यांनी माझ्या समाधानाखातर बघितलं.

जालन्यासारख्या गावात हे कुलूप जास्तच खटकतं. आमच्या एमआयडीसीतल्या भट्ट्यांचा धंदाच मुळी भंगारावर उभा आहे. कुठल्या कुठल्या मुलखातलं गंजलेलं लोखंड इथं येतं, वितळतं आणि सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातं. त्याला कुणी विचारत नाही की तू आधी कुणाचा होतास. गाडीचा पत्रा, चेसिस, सगळं या भट्टीत खपतं. तारा मात्र आधी उपसून काढाव्या लागतात, कारण वितळलेल्या पोलादात तांबं गेलं की लाल तापलेली कांडी रोलिंगच्या वेळी वरून तडकते. डबा तर त्याहून बिनकामाचा. पत्र्याचा पुनर्जन्म होतो, पण चालत्या रिलेंनी भरलेला, निम्मा चांगला असलेला डबा, त्याच्या मेंदूत दुसऱ्याचा नंबर आहे एवढ्यासाठी कचरा होतो. माझा जुना डबा मी सर्व्हिस सेंटरकडून मागून घेतला. त्यांनी जरा विचित्र नजरेनं पाहिलं. उस्तादांनी त्यातले सहा रिले डिसोल्डर करून एका डबीत ठेवले आणि त्यातला एक त्याच आठवड्यात एका डॉक्टरांच्या गाडीच्या पॉवर विंडोला बसला.

मला वाणिज्याची मॅडम म्हणून पुढं एक काम लागलं. कोडिंग करणारा परवानाधारक स्कॅनर घ्यायचा तर किती महिन्यांत पैसे फिटतील, एवढं काढून द्या, असं उस्ताद म्हणाले. मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतच्या शिशु कर्जात ते बसत नाही. पाच लाखांच्या किशोरमध्ये बसतं, पण मशीनची किंमत एकदाची आणि सॉफ्टवेअरचं नूतनीकरण दर साल, हे कळल्यावर गणित बदललं. गावात महिन्याला कोडिंगच्या गाड्या येतात किती, त्यातल्या किती छत्रपती संभाजीनगरला जातात, असं विचारत मी जॉब कार्डाच्या पाठीवर आकडे मांडले. एकट्याला तोटा आहे. भोकरदन नाक्याचा एक आणि अंबड चौफुलीचा एक असे आणखी दोघं भागीदार झाले तर जेमतेम जमतं. दोघंही तयार आहेत, भागीदारीचा कच्चा मसुदाही मी लिहून दिला आहे. मशीन कुणाच्या शेडमध्ये ठेवायचं यावर सध्या घोडं अडलेलं आहे.